फितीतलं मशीन

खेळाडू घडवायला अख्खा समाज लागतो. शाळेच्या सॉफ्टबॉलवाल्या मुलींसाठी समाजाने वेगवान चेंडू फेकणारं मशीन दिलं आणि साहेबांना फीत कापायला वेळ मिळेपर्यंत ते मुख्याध्यापकांच्या खोलीत झाकून ठेवलं. तीन महिने झाले. मुलींना वेगाची सवय व्हावी म्हणून त्यांच्या प्रशिक्षक दिशा मॅडम निम्म्या अंतरावरून स्वतःच चेंडू फेकत होत्या. खांदा सुजला होता. उद्या बारामतीत पुण्याशी सामना होता. “मॅडम, त्यांच्या पोरीचा बॉल दिसतबी न्हाय म्हणं,” छकुली रडवेली झाली. मॅडमनी तडक जाऊन मशीनवर बांधलेल्या फितीला हात घातला. “अहो, साहेबांचा मान हाय!” मुख्याध्यापक ओरडले. “सर, मान साहेबांचा आणि मार पोरींनी खायचा व्हय?” त्यांनी दातांनीच फीत तोडली, मशीन मैदानात ओढत आणून वायर जोडली. मशीन घुमलं. मुली रांगेत उभ्या राहिल्या. सॉफ्टबॉलचा मोठा चेंडू आत जाईना. मशीन क्रिकेटचं होतं.