फळीखालचं ठिगळ

भारतची होडी ज्या ट्रॉलीवरून नदीवर जायची, तिच्या आधाराच्या लाकडी फळ्या झिजल्या म्हणून कडूबा त्या बदलायला बसला. गेल्या साली गोदावरीच्या पुरात कडूबाची पिवळी होडी वाहून गेली, तेव्हा हाच भारत तीन दिवस त्याच्यासंगं काठ धुंडाळत हिंडला आणि चौथ्या दिवशी त्याच्याहून जास्त रडला. पुढं भारतनं नांदेडहून ही निळी होडी आणली आणि कडूबाला कामावर घेतलं. जॅकनं होडी उचलून, खाली उताणं पडून कडूबानं जुनी फळी काढली. फळीला घासून होडीच्या बुडाचा निळा रंग उडाला होता. आत पिवळा निघाला, आणि त्यावर कडूबानं स्वतः मारलेलं, वाकड्या रिव्हेटचं ठिगळ. “फळी बसली का रं बराबर?” वरून भारतनं विचारलं. “खाली ये,” कडूबा म्हणाला, “अन् तीन दिवस आपण काय हुडकून राह्यल्तो, ते सांग.”