जर्मनीला निघालेली

गळ्यात चौथा हार पडला, तेव्हा धम्मदिना केसरीनाथकाकांच्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, माझी निवड झाली नाही. दीड गुणानं राहिली."

मानकोली नाक्यावरच्या फ्लेक्सवर मात्र ती केव्हाच जर्मनीला पोचली होती. रायफल नेमबाजीच्या भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. फोटो तिचा बोटभर, काकांचा हातभर. आपल्याकडे फ्लेक्स निकालासाठी थांबत नाही. शेजारच्या वडपे गावचे पुढारी आधी लावतील या धास्तीने काकांनी तो परवाच चढवला, आणि निकाल लागला काल. आज ती पुण्याहून एसटीने आली, नाक्यावर उतरली, ती थेट ढोलताशातच.

"माहीत हाय," काका कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाले. "कालच समजलं. समोर बघ."

मग माइकवर सांगून टाकू, लोक काही खाणार नाहीत, असं ती म्हणाली. काकांनी तिला हळूच विचारलं, तू सराव कुठं करतेस? चार वर्षं ती त्यांच्याच गोडाऊनच्या मागच्या गल्लीत, खोक्यांच्या दोन रांगांमधल्या दहा मीटरांत नेम धरत होती. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या तिच्या बापाने हातापाया पडून ती जागा मिळवली होती. उभ्या भिवंडीत दुसरे दहा मीटर तिला कोणी देणार नव्हतं.

काकांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. गणेशपुरीला त्यांची बहीण होती. तिच्या घरी पंधरा दिवस राहायचं, उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. मग जर्मनीत जाऊन हरली म्हटलं की संपलं.

"पुढची चाचणी वीस दिवसांवर आहे, काका. रोज सराव नको?"

"तू जर्मनीत हायेस, बाय. मंग गोडावनात कशी दिसशील?"

धम्मदिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने सरळ माइककडे हात नेला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत रवींद्र, तिचा बाप, स्टेजवर चढला. ड्युटीच्या कपड्यांतच होता. डोळे भरलेले, हातात पिशवी. त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

त्याने पिशवीतून जाड लोकरी स्वेटर काढला. मे महिन्यात, भर दुपारी चार वाजता.

"तिथं लय थंडी असते म्हनं," तो म्हणाला. "घालून दाखव. न्हाय बसला तर आजच बदलून देनार हाय दुकानदार."

काकांनी स्वतःच्या हातांनी तिचे हार उतरवले. बापाने एक बाही पुढे धरली, मग दुसरी. धम्मदिनाने हात घातले. त्याने गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिला.

"बरोबर बसला," काकांनी माइकवरून सांगितलं, आणि नाक्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.