रडायचं काम

सुतळी बॉम्ब फुटले आणि नांदेडच्या बंद गिरणीच्या फाटकासमोर संपकरी ठरल्याप्रमाणे धडाधड कोसळले. गिरणीच्या जुन्या संपात इथंच कामगारांवर गोळीबार झाला होता. दरवर्षी त्या दिवशी युनियन तो प्रसंग लोकांना असा करून दाखवायची. पडलेल्यांत मृण्मयी होती. लातूरच्या कोचिंग क्लासची पोर, आज कामगारीण. तिच्यावर पांढरी चादर पडली.

"आता आई," विरूपाक्षअण्णा म्हणाले. उभा जन्म गिरणीत गेलेला हा म्हातारा सगळं बसवायचा.

केवळाबाई पुढे झाली. मेलेल्या लेकीवर पडून हंबरडा फोडायचा, एवढंच तिचं काम. जिची पोटची पोर भूकंपात गेली, तिला रडायला काय शिकवायचं, असा अण्णांचा हिशोब. बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं, की किल्लारीकडच्या त्या ढिगाऱ्यापासून बाईच्या डोळ्याला पाणी म्हणून आलं नव्हतं. निदान आज येईल, या आशेनेच ती हो म्हणाली होती.

ती पोरीच्या उशाशी बसली. तोंडावरची चादर काढली, छाती बडवली. आवाज फुटेना. गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं.

"मावशी, रडा की."

"येईना झालंय, अण्णा."

अण्णांनी कपाळाला हात लावला आणि तिरडीवाल्यांना खूण केली. मृण्मयी डोळे मिटूनच कुजबुजली, "आजी, लवकर आटपा ना. लातूरची गाडी चुकेल. उद्या सकाळी क्लासमध्ये टेस्ट आहे."

"रातचीच जातीस?"

"हो. आई नको म्हणतेय. सकाळी जा म्हणते."

केवळाबाईने तिला दंडाला धरून सरळ उठवून बसवलं. मेलेली कामगारीण उठलेली पाहून लोक फिदीफिदी हसायला लागले.

"ऊठ. जा. आत्ताच्या आत्ता जा."

"मावशी, मेलीय ती," अण्णा वैतागून म्हणाले. "कुठं पाठवून राहिल्या तिला?"

"जाऊ द्या, अण्णा." बाईचा आवाज चिरकला आणि इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. रडता रडता ती एवढंच म्हणत राहिली, "माझी राजकन्या बी निघाली होती वो लातूरला, गणपती बुडवून. पिशवी भरून दारात हुबी होती. मीच म्हणलं, पोरीची जात, रातची कुठं जातीस. झोप गुमान, सकाळी जा."