कातड्याचे कान
कुडपणच्या पठारावर रावजी एकटाच राही. बायको वारलेली, मुलगे मुंबईला गिरणीत. संध्याकाळी शेळ्या कोंडल्या की लांडग्याला हुसकायला तो रिकामा डबा बडवी, आणि समोरच्या कड्यावरून लांडगा हेल काढून उत्तर देई. "अजून हायस का रे?" रावजी हसून विचारी. एके दिवशी लांडग्याने शेळी नेली, तेव्हा रावजीने त्याला ठासणीच्या बंदुकीने मारलं आणि लांडग्यावर सरकारने लावलेल्या इनामासाठी कातडं महाडच्या कचेरीत नेलं. कारकुनाने इनाम दिलं, कातड्याचे दोन्ही कान कापून घेतले. "नाहीतर हेच कातडं पुन्हा आणशील," म्हणत ते परत दिलं. घरी रावजीने ते कुडाच्या भिंतीला टांगलं. दिवस कलल्यावर सवयीने डबा बडवून तो थांबला. कडा गप्पच राहिला. शेवटी तो कातड्याला म्हणाला, "मी अजून हाय रे." मग त्याला कानांच्या जागची दोन भोकं दिसली.