भिंतीतली वायर

माजरीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये खुशालनं राउटरपासून मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत भिंतीतून वायर नेली होती. एका दुपारी नेट बंद पडलं. वायरीचा प्लग बदलूनही राउटरवरचा तिचा दिवा लागेना. उंदरानं कुरतडली असेल, म्हणून त्यानं राउटरजवळ वायर मनगटाला गुंडाळून ओढली.

पलीकडून हिसका बसला.

"दामिनी, तिकून ओढू नको वं!"

"मी तं इथीच आहो." बायको त्याच्या पाठीमागेच उभी होती.

पुढच्या हिसक्यानं त्याचा हात भिंतीवर आदळला. मग मनगटाचं हाड कडकन मोडलं. वायर मांसात रुतली, रक्त भिंतीवरून ओघळलं, आणि राउटरवरचा तो दिवा हिरवागार पेटला.

दामिनीनं धावत कोयता आणला आणि वायरवर घातला.

कुणीच नसलेल्या मागच्या खोलीतून किंकाळी उठली. आवाज दामिनीचाच होता.