गणिताऐवजी

"गणित सोडू द्या तिला, बाई," हेडमास्तर म्हणाले. "गणितात मुली गचकतात. त्याऐवजी गृहशास्त्र घेतलं, तर मार्कांना तोटा नाही."

भागीरथा ऑफिसच्या उंबऱ्याशी उभी होती. मासोळ्यांची टोपली तिने बाहेर कडुनिंबाखाली ठेवली होती. नववी पास झालेल्या पोरांच्या मायबापांना हेडमास्तरांनी एकेक करून बोलावलं होतं. कॉलेजात पाठवायचं असेल तर तयारी आतापासून, असं ते प्रत्येकाला बजावत होते.

"मंग कालेजात घेतीन ना तिले?" भागीरथेने विचारलं. "डाक्टरीण कराची हाये."

"पहिल्या वर्गात आली तर कोण नाही म्हणेल?"

शाळेची अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, बसणारी ती पहिलीच तुकडी. निकालाच्या काळजीने हेडमास्तरांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. हे भागीरथेला कुठून कळावं? ती निश्चिंत झाली. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून तिने कागदावर उठवला.

तिची धाकटी बहीण कमळा बाळंतपणात गेली होती. चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण नाही म्हणून सासऱ्याने बंडी जुंपूच दिली नाही. त्या दिवसापासून भागीरथेने मनाशी पक्कं केलं होतं. मासे धरणाऱ्या आपल्या ढिवरटोल्यातून एक तरी बाई अशी निघेल, जिच्यापुढे सुनेला न्यायला कोणी सासरा लाजणार नाही.

संध्याकाळी कुंता शाळेतून तरातरा आली. दप्तरही खाली ठेवलं नाही.

"माय, माह्यं गणित काऊन सोडलं? गणिताबिगर..."

"चूप राह्य. हेडमास्तरापेक्षा तुले जास्त समजते काय?"

भागीरथा मरळ साफ करत होती. तिने मान वर केली नाही. कुंता कंदील घेऊन आत गेली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. पोरीला समज आली, असं भागीरथेला वाटलं.

पुढची दोन वर्षं भागीरथेने हेडमास्तरांचा शब्द न् शब्द पाळला. कुंताला जाळ्याला हात लावू दिला नाही. धानाच्या रोवणीलाही तिला बांधीतल्या चिखलात उतरवलं नाही. घरातलं तूप तिच्याच ताटात पडायचं. डोमा, भागीरथेचा नवरा, एकदा कुरकुरला, तर त्यालाच दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या. सिंदेवाहीच्या बाजारात मासोळ्या विकताना ती गिऱ्हाइकाला आधी पोरीचं सांगायची आणि मग भाव. घरी आली की विचारायची, "काय वं कुंते, होशीन ना डाक्टरीण?"

"तू म्हणतं तं होईन," कुंता पुस्तकातून डोळे न काढता म्हणायची.

सत्तावन्न साली निकाल लागला. कुंता पहिल्या वर्गात, शाळेत पहिली. हेडमास्तरांनी तिच्या गळ्यात हार घातला. डोमाच्याही गळ्यात घातला. नागपूरला डोमानेच जायचं ठरलं होतं, कारण त्याने ते शहर एकदा पाहिलेलं होतं. पण कुंता अडून बसली.

"मायच चालन माह्यासंगं. मायनंच तं केलं सारं."

भागीरथेचे डोळे भरून आले. दोन वर्षांत पोरगी एवढं गोड कधी बोलली नव्हती.

छोट्या लाईनच्या गाडीने दोघी नागपूरला पोचल्या. कॉलेजच्या व्हरांड्यात पोरांची ही रांग लागलेली. भागीरथा एका खांबाशी टेकत होती, तर कुंताने तिचा हात धरून तिला थेट खिडकीपाशी नेलं. आत चष्मा लावलेला एक म्हातारा कारकून होता. त्याने मार्कांचा कागद वरून खाली वाचला, मग पुन्हा वाचला.

"मार्क चांगले आहेत. पण सायन्सला अर्ज केला, आणि गणित कुठे आहे?"

कुंताने आईकडे पाहिलं.

"हेडमास्तरच म्हणाले का सोडा म्हणून," भागीरथा पुढे सरकून म्हणाली. "मी अंगठा देल्ला."

"गणिताशिवाय सायन्स मिळत नाही, बाई. आणि सायन्सशिवाय डॉक्टरकी नाही." कारकुनाने चष्मा काढला. "निदान पोरीला तरी विचारायचं होतं."

रांगेत कुणीतरी हसलं. भागीरथेने पदर तोंडावर ओढला.

"आर्ट्सचा फॉर्म द्या," कुंता शांतपणे म्हणाली. फॉर्म घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला, आणि आईला धरून व्हरांड्याच्या पायरीवर बसवलं.

पोरगी रडली नाही, दचकलीसुद्धा नाही, हे भागीरथेच्या हळूहळू ध्यानात आलं.

"तुले मालूम होतं काय वं?"

"होतं."

"कवापासून?"

"तू अंगठा देल्ला त्याच दिवशी. गणिताच्या मास्तरनं सांगतलं. दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तराकडे गेली, तं म्हणे आईचा अंगठा हाये, आता बदलत नाई."

दोन वर्षं. भागीरथेला हुंदका फुटला. एवढं ओझं पोरीने एकटीने वाहिलं, आणि आपण रोज तिला तेच विचारत राहिलो. तिने कुंताच्या गालावरून हात फिरवायला हात उचलला.

"मले वाईट वाटन म्हून बोलली नाई ना वं, माह्ये बाई?"

कुंताने गाल बाजूला घेतला.

"माह्यं तू आयकलं नसतं, माय. म्हून तुले इथी आयकाले आणलं."