चंद्रीचा पान्हा

समोर धार काढून ताजं दूध पाजणाऱ्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर त्या संध्याकाळी दुधापेक्षा दुखण्यांचीच गर्दी जास्त होती. कुणी खांदा धरून, कुणी पोटरी चोळत. सगळ्यांत पुढं सयाजी पैलवान, उजव्या हाताला मुंग्या घेऊन. रुद्रय्या गवळ्यानं म्हशीची धार काढता काढता आठवडाभर बातमी पसरवली होती, की बंगळूरहून आमची लेक नीलम्मा येतीया, तिनं नसांवर औषध काढलंय. खरं तर ती संशोधन करत होती. पण त्या शब्दाला कट्ट्यावर गिऱ्हाईक नव्हतं.

"द्या तायसाब," सयाजीनं पंजा पुढं केला.

"सयाजीकाका, माझ्याकडं औषध न्हाय."

रुद्रय्याला एकाएकी चंद्री म्हशीच्या पाठीवरची गोमाशी दिसली. ती हाकलण्यात तो गढून गेला.

"मग एवढी वर्सं केलंसा काय?" सयाजीनं विचारलं.

"नसंला जगायला, वाढायला खुराक लागतोय, तुमच्यासारखाच. पण खायचा न्हाय, नुसता लागायचा. पेशीच्या पडद्यात तो ओळखणारं प्रथिन बसलेलं असतंय. एकच लांब धागा. बाहेरच्या टोकाला वेटोळी, खुराक तिथं चिकटतोय. मधला भाग पडद्यात, शेपूट आत. बाहेर चिकटला की आत हुकूम जातोय. ज्या पेशीला हा धागाच न्हाय, ती खुराकात बुडवली तरी ढिम्म."

"काय बी कळलं न्हाय," सयाजी प्रामाणिकपणे म्हणाला.

"चंद्रीची धार काढा बघू."

सयाजी बसला. भल्याभल्यांना चीत केलेल्या हातांना चंद्रीनं थेंब दिला नाही. शेपटीचा फटका मात्र दिला. कट्टा खिदळला. मग नीलम्मा पदर खोचून बसली. तीन वर्षांनी तिचा हात कासेला लागला आणि चंद्रीनं पान्हा सोडला. चरवीत फेस चढला.

"हात बाहेर लागला, दूध आतनं आलं. मधी काय झालं?"

"काय झालं?"

"नसंच्या पेशीत मी तेच शोधतीया. आत हुकूम कसा जातोय, जगात अजून कुणालाच धड ठाऊक न्हाय."

रुद्रय्याची गोमाशी उडाली. तो ताठ झाला. पेला भरून त्यानं सयाजीच्या मुंग्यांच्या हातात दिला.

"अन् औषध?" मागून मलकापूरचा एकजण ओरडला.

"पावणं, औषध दुकानात मिळतंय!" रुद्रय्या गरजला. "जगात कुणालाच ठाऊक न्हाय, ते आमच्या नीलम्मालाबी ठाऊक न्हाय! दुधाला रांगंत ऱ्हावा!"